कर्णरेषेवरचा पंच : सर स्टॅन्ली राऊस

फुटबॉलच्या मैदानावर बावीस खेळाडू धावत असतात आणि हजारो डोळे त्यांच्या पायांवर खिळलेले असतात. तेविसाव्या माणसाकडे कुणाचे लक्ष नसते; आणि जेव्हा ते जाते तेव्हा बहुधा त्याला शिव्या देण्यासाठीच जाते. खेळाडूंची चरित्रे घरोघर वाचली जातात, पंचांची नावे दुसऱ्या दिवशी विसरली जातात. तरीही एका पंचाचे चरित्र आपण वाचावे असे मला वाटते. आज दूरचित्रणाच्या पडद्यावर पाहून मैदानातले निर्णय बदलण्याची पद्धत जगभर रुळली आहे आणि तिच्यावर वादही तितकेच रंगतात. या वादाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे : पंचाला दिसते किती, आणि ते तो कुठे उभा आहे यावर किती अवलंबून असते? हा प्रश्न ज्याने आयुष्यभर हाताळला, आणि ज्याच्या आयुष्याने त्याचे एक कठोर उत्तरही दिले, तो पंच म्हणजे सर स्टॅन्ली राऊस.

स्टॅन्ली फोर्ड राऊस यांचा जन्म २५ एप्रिल १८९५ रोजी इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यातील मटफर्ड या खेड्यात झाला. वडील किराणा मालाचे व्यापारी. घरात सुबत्ता नव्हती, पण मुलांनी शिकावे ही इच्छा होती. स्टॅन्ली अंगाने उंच आणि फुटबॉलचा नाद असलेला. लोस्टॉफ्ट या जवळच्या बंदराच्या गावी तो गोलरक्षक म्हणून खेळू लागला. पहिल्या महायुद्धात तोफखान्यातून त्याने फ्रान्स आणि मध्यपूर्वेत सेवा केली. मनगटाच्या दुखापतीने त्याचे खेळणे संपले. युद्धानंतर एक्सेटरच्या सेंट ल्यूक कॉलेजात शिक्षण घेऊन १९२१ साली तो वॉटफर्डच्या ग्रामर स्कूलमध्ये क्रीडाशिक्षक झाला. आठवडाभर वर्गात आणि शनिवारी हातात शिट्टी, असा त्याचा क्रम सुरू झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडू पगारी होते, पण पंच मात्र शाळामास्तर, कारकून, दुकानदार असेच असत. व्यावसायिक खेळाचा न्याय हौशी माणसांच्या हाती होता.

राऊस यांचे महत्त्व कळण्यासाठी पंच या संस्थेचा इतिहास थोडा पाहायला हवा. सुरुवातीच्या फुटबॉलमध्ये प्रत्येक संघ आपला एक अंपायर आणीत असे. दोघांचे एकमत झाले नाही तर प्रश्न मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाकडे सोपवला जाई. ज्याच्याकडे प्रश्न सोपवायचा तो रेफरी. शब्दाचा अर्थच तो आहे. १८९१ साली अंपायर गेले, त्यांच्या जागी रेषेवरचे दोन लाइन्समन आले आणि बाहेरचा रेफरी मैदानात उतरला. त्या दिवसापासून निर्णय देणारा माणूस खेळाच्या आत आला. त्याला अधिकार मिळाला, पण दृष्टी कमी झाली. बाहेरून दिसणारे सारे मैदान आता त्याला तुकड्यातुकड्यांनी दिसू लागले.

मग पंचाने धावायचे कुठून? कुणी एकाच बाजूच्या रेषेलगत धावे, कुणी मधोमध, कुणी चेंडूच्या मागे फरफटत जाई. राऊस यांनी यावर काढलेला तोडगा शाळेतल्या भूमितीसारखा सोपा होता. पंचाने मैदानाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे, म्हणजे कर्णावरून धावायचे. एका लाइन्समनने उजव्या बाजूच्या रेषेचा एक अर्धा भाग सांभाळायचा आणि दुसऱ्याने डाव्या बाजूचा विरुद्ध अर्धा. परिणाम असा होतो, की खेळ कुठेही असला तरी तो बहुतेक वेळा पंच आणि एक लाइन्समन यांच्या मध्ये सापडतो. एकाला जे पाठमोरे दिसते ते दुसऱ्याला समोरून दिसते. आजच्या १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद मैदानाचा कर्ण सुमारे १२५ मीटर भरतो. या एका काल्पनिक रेषेवर पुढे जगभरातले पंच धावू लागले, आणि आजही त्यांचे शिक्षण तिथूनच सुरू होते. राऊस यांनी पंचांना नवे डोळे दिले नाहीत. असलेल्या सहा डोळ्यांना उभे राहण्याची योग्य जागा दिली.

१९२७ साली राऊस यांनी बेल्जियम आणि हॉलंड यांच्यातील पहिला आंतरराष्ट्रीय सामना चालवला. पुढच्या सात वर्षांत असे तीसहून अधिक सामने त्यांच्या नावावर जमा झाले. २८ एप्रिल १९३४ रोजी वेम्बलीवर एफए कपचा अंतिम सामना त्यांच्या शिट्टीवर झाला. मँचेस्टर सिटीने पोर्टस्मथला २-१ असे हरवले. पुढे मोठे प्रशिक्षक झालेले मॅट बझ्बी त्या दिवशी सिटीकडून खेळत होते, आणि सामना संपताच सिटीचा तरुण गोलरक्षक फ्रँक स्विफ्ट ताण असह्य होऊन मैदानातच बेशुद्ध पडला होता. राऊस यांना तीनच दिवसांपूर्वी ३९ वर्षे पूर्ण झाली होती. त्याच वर्षी त्यांची इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे सचिव म्हणून नेमणूक झाली. शिट्टी खाली ठेवून त्यांनी लेखणी हातात घेतली.

त्या लेखणीचे सर्वांत मोठे काम १९३८ सालचे. फुटबॉलचे नियम वर्षानुवर्षे ठिगळे लावत वाढले होते. एका कलमात दुसऱ्याचे शेपूट अडकलेले, अपवाद कुठे आणि मूळ कुठे याचा पत्ता नाही, अशी त्यांची अवस्था होती. राऊस यांनी नियम बदलले नाहीत. ते नव्याने मांडले. मैदान, चेंडू, खेळाडू अशा क्रमाने त्यांनी सतरा नियम सोप्या इंग्रजीत लिहिले. पाचवा नियम पंचाचा, अकरावा ऑफसाइडचा, चौदावा पेनल्टीचा, सतरावा कॉर्नर किकचा. हा क्रम आजही टिकून आहे. या नियमांचे मर्म असे, की बऱ्याच ठिकाणी निर्णय पंचाच्या मतावर सोपवलेला आहे. धक्का बेपर्वाईचा होता का, हात मुद्दाम लागला का, हे मोजपट्टीने ठरत नाही. म्हणूनच पंचमंडळी सारासार बुद्धीला गमतीने अठरावा नियम म्हणतात. राऊस यांनी सतरा नियम लिहिले. अठरावा लिहून ठेवता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार.

याच १९३८ सालात आणखी एक प्रसंग घडला. १४ मे रोजी बर्लिनमध्ये इंग्लंडचा सामना जर्मनीशी होता. सामन्यापूर्वी इंग्लंडच्या खेळाडूंनी नाझी पद्धतीचा सलाम करावा असे ठरले. तेथील ब्रिटिश राजदूताने तसा आग्रह धरला आणि राऊस यांनी त्याला संमती दिली. इंग्लंडने सामना ६-३ असा जिंकला, पण हात वर केलेल्या खेळाडूंचे ते छायाचित्र इंग्रजांच्या मनात काट्यासारखे राहिले. राऊस यांच्या दृष्टीने तो यजमानांविषयीचा शिष्टाचार होता. मैदानाच्या रेषेबाहेर काय चालले आहे ते पाहणे आपले काम नव्हे, ही त्यांची धारणा इथे प्रथम ठळकपणे दिसते.

महायुद्धानंतरची वर्षे त्यांच्या कर्तृत्वाची. ब्रिटिश संघटना १९२८ साली जागतिक महासंघ फिफामधून बाहेर पडल्या होत्या; १९४६ साली त्या परत आल्या, त्यात राऊस यांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी त्यांनी वॉल्टर विंटरबॉटम यांना इंग्लंडच्या संघाचे व प्रशिक्षणाचे प्रमुख म्हणून आणले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकच्या आयोजनातही ते होते. याच स्पर्धेत स्वतंत्र भारताचा संघ, बहुतेक खेळाडू अनवाणी असताना, फ्रान्सशी झुंजून २-१ असा हरला. दोन पेनल्टी वाया गेल्या नसत्या तर चित्र वेगळे दिसले असते. १९४९ साली राऊस यांना सर हा किताब मिळाला, आणि १९६१ साली, वयाच्या ६६व्या वर्षी, ते फिफाचे अध्यक्ष झाले. खेड्यातला व्यापाऱ्याचा मुलगा, शाळामास्तर आणि शनिवारचा पंच साऱ्या जगाच्या फुटबॉलचा न्यायाधीश झाला.

इथूनच त्यांच्या आयुष्याची कसोटी सुरू होते. दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्यांच्या फुटबॉल संघटनेला फिफाने १९६१ साली वंशभेदामुळे निलंबित केले होते. कृष्णवर्णीय, मिश्रवंशीय आणि भारतीय वंशाच्या खेळाडूंची स्वतंत्र संघटना तिथे होती, पण तिला मान्यता नव्हती. १९६३ साली राऊस एका अमेरिकन सहकाऱ्यासह चौकशीसाठी तिकडे गेले. गोऱ्या संघटनेने त्यांचे उत्तम आदरातिथ्य केले. परत येऊन त्यांनी अहवाल दिला, की सरकारच्या धोरणाचा दोष खेळाच्या संघटनेला देता येत नाही; आणि निलंबन उठले. मग त्या संघटनेने विश्वचषकाची आपली योजना जाहीर केली : १९६६ साली सगळा गोरा संघ पाठवायचा आणि १९७० साली सगळा काळा. १९६४ साली टोकियोच्या सभेत आफ्रिकी देशांनी एकजूट दाखवून पुन्हा निलंबन लादले. राऊस यांची बाजू हरली. तरीही त्यांचे मत बदलले नाही.

राऊस पक्षपाती होते असे म्हणणे सोपे आहे. मला अधिक विचार करायला लावते ते हे, की ते स्वतःला मनापासून निःपक्षपाती समजत होते. खेळात राजकारण नको, हे त्यांचे तत्त्व होते. पण ज्या मैदानाचे फाटकच काही लोकांना बंद आहे, त्या मैदानाच्या आत कितीही नेकीने शिट्टी वाजवली तरी न्याय होत नाही. मैदानावर कुठे उभे राहिले म्हणजे काय दिसते, हे जगाला शिकवणारा माणूस दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या व्हरांड्यात उभा राहिला, आणि तिथून जेवढे दिसले तेवढेच त्याने पाहिले.

१९६६चा विश्वचषक त्यांच्या मायदेशी भरला. सोळा जागांपैकी आफ्रिका, आशिया आणि ओशनिया यांना मिळून एकच जागा ठेवल्याने आफ्रिकी देशांनी बहिष्कार टाकला होता. २३ जुलैच्या उपान्त्यपूर्व सामन्यांत आणखी एक ठिणगी पडली. इंग्लंड-अर्जेंटिना सामन्याला जर्मन पंच होता आणि पश्चिम जर्मनी-उरुग्वे सामन्याला इंग्रज पंच. अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटिन बाहेर काढला गेला. उरुग्वेचे दोघे काढले गेले. दोन्ही दक्षिण अमेरिकी संघ हरले. पंचांनी कट केला याला पुरावा नाही; पण त्यांच्या नेमणुका अशा व्हाव्यात, की संशयाला जागा मिळावी, ही चूक होतीच. रॅटिनच्या प्रसंगात पंचाचे म्हणणे खेळाडूला कळत नव्हते. त्यावर विचार करताना इंग्रज पंच केन ॲस्टन यांना वाहतुकीच्या दिव्यांवरून पिवळ्या आणि लाल कार्डांची कल्पना सुचली, आणि १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात ती अमलात आली. म्हणजे पंचगिरी सुधारली ती एका कटू अनुभवातून.

३० जुलैचा अंतिम सामना तर अजून संपलेला नाही. जादा वेळेत इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा फटका वरच्या दांडीला लागून खाली आपटला आणि बाहेर उडाला. चेंडूने गोलरेषा ओलांडली का? स्विस पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांना खात्री नव्हती. ते सोव्हिएत संघराज्यातून आलेले अझरबैजानी लाइन्समन तोफिक बाखरामोव्ह यांच्याकडे गेले. दोघांना समान भाषा नव्हती; खाणाखुणांवर गोल दिला गेला. इंग्लंड ४-२ असे जिंकले. चित्रफितींच्या नंतरच्या तपासण्यांचा कल, चेंडू पूर्णपणे पलीकडे गेला नव्हता, याच बाजूला आहे. राऊस प्रेक्षागृहात अध्यक्ष म्हणून उपस्थित होते. त्यांच्याच पद्धतीची उणीव त्यांच्यासमोर उघडी पडली होती. लाइन्समन ऑफसाइड पाहण्यासाठी शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या समांतर राहतो. त्यामुळे नेमकी गोलरेषा त्याला अनेकदा तिरपी दिसते. कर्णरेषेने मैदान व्यापले, पण सर्वांत महत्त्वाची रेषा अर्धवट राहिली.

अध्यक्षपदाची अखेर सुखाची झाली नाही. १९७३ साली चिलीत लष्करी उठाव झाला आणि सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये हजारो लोकांना डांबण्यात आले. तिथेच २१ नोव्हेंबरला चिली आणि सोव्हिएत संघ यांच्यात विश्वचषक पात्रतेचा सामना ठरला होता. फिफाचे पाहणी पथक जाऊन आले आणि त्याने मैदान खेळण्यायोग्य ठरवले. सोव्हिएत संघ आला नाही. चिलीच्या खेळाडूंनी समोर कुणीही नसताना चेंडू नेऊन मोकळ्या जाळ्यात मारला. हिरवळ तेवढी पाहिली गेली होती. पुढच्या वर्षी, ११ जून १९७४ रोजी, फ्रँकफर्टच्या सभेत ब्राझीलच्या जुआओ हॅवेलांज यांनी ७९ वर्षांच्या राऊस यांचा ६८ विरुद्ध ५२ मतांनी पराभव केला. आफ्रिका आणि आशियाची नाराजी त्या मतपेटीतून बोलली. १९७६ साली दक्षिण आफ्रिकेला फिफातून काढून टाकण्यात आले.

राऊस पुढे बारा वर्षे जगले. १८ जुलै १९८६ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याआधी २६ दिवस, २२ जूनला, मेक्सिको सिटीत माराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला होता. ट्युनिशियाच्या पंचाला हात दिसला नाही, बल्गेरियाच्या लाइन्समनने निशाण उचलले नाही. मात्र घरोघरी टेलिव्हिजनसमोर बसलेल्या लोकांना पुन्हा दाखवलेल्या चित्रात तो दिसला. पंचापेक्षा प्रेक्षकाला जास्त दिसू लागले होते. त्या दिवशी जुनी व्यवस्था खरे म्हणजे मोडलीच. मोडल्याचे कबूल व्हायला मात्र पुढे तीस वर्षे लागली.

क्रिकेट त्या बाबतीत पुढे होते. नोव्हेंबर १९९२मध्ये डर्बनच्या कसोटीत पडद्यावर पाहून तिसऱ्या पंचाने धावबाद दिलेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. वंशभेदामुळे वाळीत पडलेल्या दक्षिण आफ्रिकेने भारताला आपल्या देशात बोलावले, तोच हा दौरा. त्याच वर्षी फिफानेही त्या देशाला परत घेतले. आणि २०१० साली त्याच देशात, ब्लूमफाँटेनच्या मैदानावर, इंग्लंडच्या लँपर्डचा जर्मनीविरुद्धचा फटका रेषेच्या चांगला आत पडूनही गोल दिला गेला नाही. १९६६चा हिशेब जणू उलट्या बाजूने चुकता झाला. २०१२ साली गोलरेषेवरील यंत्राला मान्यता मिळाली. २०१६ साली व्हिडिओ साहाय्यक पंचाचे, म्हणजे व्हीएआरचे, प्रयोग सुरू झाले आणि २०१८च्या रशियातील विश्वचषकात ते प्रत्यक्ष वापरले गेले. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला झालेली शिक्षा, एवढ्या चारच बाबतींत, तेही उघड चूक असेल तरच, पडद्यामागच्या पंचाने बोलायचे, असे तेव्हा ठरले होते. गंमत अशी, की १८९१ साली मैदानात उतरलेल्या रेफरीला जोड म्हणून मैदानाबाहेरचा तिसरा माणूस पुन्हा आला.

मग न्यायाचा प्रश्न सुटला का? चेंडू रेषेपलीकडे गेला का, हे यंत्र निर्विवाद सांगते. ते काम त्याला द्यावे हे योग्यच. पण ऑफसाइडचे पाहा. सेकंदाला ५० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांच्या मध्ये, सेकंदाला आठ मीटर धावणारा खेळाडू १६ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. चेंडूला पाय लागल्याचा क्षण कोणत्या चित्रात धरायचा, हे माणूसच ठरवीत असे. २०२२ साली चेंडूत सेकंदाला ५०० वेळा नोंद घेणारा संवेदक बसवला तेव्हा ही फट अरुंद झाली. हाताचे काय? २०१८च्या अंतिम सामन्यात पंचाने पडदा पाहून क्रोएशियाविरुद्ध पेनल्टी दिली. चेंडू हाताला लागला हे साऱ्यांना दिसत होते. तो हात दोषी होता का, यावर जाणकारांत मतभेद राहिले. संथ गतीने दाखवले की सहज हललेला हातही मुद्दाम हलवल्यासारखा भासतो. आणि ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात तर अगदी योग्य गोल रद्द झाला. कॅमेऱ्याने खरे दाखवले होते; पण मैदानावरचा मूळ निर्णय गोलचाच आहे असे समजून पडद्यामागच्या पंचाने मान्यता कळवली, आणि चूक ध्यानात येईपर्यंत खेळ पुन्हा सुरू झाला होता. डीन्स्ट आणि बाखरामोव्ह यांना समान भाषा नव्हती. इथे भाषा एक असूनही एकमेकांचे म्हणणे कळले नाही.

म्हणून यंत्र फेकून द्यावे असे मी म्हणत नाही. इंग्लंडच्या क्लबांनी २०२४ साली १९ विरुद्ध १ मतांनी ते ठेवले. स्वीडनने ते नाकारले. दोन्ही बाजूंना आपापली कारणे आहेत. पण पंचगिरीचा दर्जा पडद्यांच्या संख्येवर ठरत नाही, हे राऊस यांच्या आयुष्यातून शिकण्यासारखे आहे. प्रत्येक जागेवरून काही दिसते आणि काही झाकले जाते. कर्णरेषेवरून गोलरेषा झाकली जाते. कॅमेऱ्यातून हेतू झाकला जातो. पाहुणचाराच्या खुर्चीतून फाटकाबाहेरचा माणूस झाकला जातो. राऊस यांनी पहिली उणीव भरून काढण्यासाठी लाइन्समनला समोरच्या बाजूला उभे केले, म्हणजे आपल्याला न दिसणारे दाखवणारा दुसरा माणूस मानाने जवळ केला. त्यांची ही सर्वांत शहाणी कल्पना. दुर्दैव एवढेच, की अध्यक्ष झाल्यावर आफ्रिकेतून वर उचललेले निशाण त्यांनी पाहिले नाही.

मैदानावरचा पंच लाइन्समनकडे एक नजर टाकतो आणि मग शिट्टी वाजवतो. ती एक नजर ही राऊस यांची देणगी आहे. परीक्षक, प्राध्यापक, सरपंच, न्यायाधीश, ज्याला ज्याला उद्या कुणाचा निर्णय करायचा आहे, त्या प्रत्येकाने ती घ्यावी; आणि राऊस यांच्या हातून जिथे ती राहून गेली, ती जागाही ध्यानात ठेवावी.